हार्डरबाईंचा बुधवार

ओरेस्ट हलुश्काने एकतीस वर्षं रस्ता खरवडला. पोटाखाली लांबलचक पोलादी पातं असलेलं ते पिवळं धूड, म्हणजे ग्रेडर, ताशी पाच मैलांनी हाकायचं, कडेला गेलेली खडी ओढून परत मध्ये आणायची, मधला उंचवटा राखायचा, आणि शेवटाला पोचल्यावर मागे वळून पाहायचं नाही. कारण तोवर पहिल्या मैलावर कुणीतरी ट्रक दामटून पुन्हा वळ्या पाडलेल्याच असायच्या. कोरड्या खडीवरून गाड्या जोरात गेल्या की पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उठतात. आमच्याकडे त्याला धुण्याची फळी म्हणतात. त्या फळीवर गाडी चढली की बोलणाऱ्याचं बोलणं तुटतं आणि कवळी असलेला माणूस तोंड मिटून बसतो.

लग्न त्याने केलं नाही. ग्रेडरवर दुसरी सीट नव्हती, असं सांगायचा. निवृत्त झाला तेव्हा पालिकेने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि डॉक्टरने साखर वाढल्याचं सांगितलं. घड्याळ त्याने बैठकीत लावलं आणि साखरेसाठी जुनी सायकल घेतली. सुरुवातीला गावाला दोन फेऱ्या, मग शेजारच्या गावी, मग एकदम तंबू आणि पिशव्या लावून आठ-आठ दिवस गायब. या माणसाचं डोकं फिरलं यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. यंदाच्या जुलैत त्याने आमचा अख्खा सस्कॅचेवान प्रांत आडवा कापायला काढला: अल्बर्टाच्या हद्दीपासून मॅनिटोबाच्या हद्दीपर्यंत, नऊ दिवसांत. पाचव्या दिवशीची वाट त्याच्या स्वतःच्या रस्त्यावरून, बेचाळीस मैल खडीवरून, लँबर्टला येत होती. ते काही योगायोगाने नव्हे.

लँबर्टच्या सहकारी दुकानात, खिळे आणि गमबूट विकतात त्या बाजूला, एक लांब टेबल आहे. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला गावातली रिकामी माणसं तिथे कॉफी प्यायला जमतात. पाऊस, गहू, कुणाचं काय दुखतंय आणि रस्ता, विषय चारच. या कट्ट्यावर ओरेस्टची एक हमखास हशा मिळवणारी गोष्ट होती. ती म्हणजे हार्डरबाईंचा बुधवार.

नेटा हार्डर आणि तिचा नवरा आयझॅक यांचं शेत बरोबर रस्त्याच्या मध्यावर. नेटाबाई कोंबड्या पाळायच्या आणि शहरात अंडी विकायच्या. रस्त्याबद्दल तक्रारी सगळेच करायचे, पण बाईंचा फोन ठरलेला, दर बुधवारी सकाळी सातला. ओरेस्ट नाकात बोलून त्यांची नक्कल करायचा: "ओरेस्ट, आज येऊन जा रे. उद्या गुरुवार. उद्या शहरात जायचंय, अंडी फुटतात रे!" मग स्वतःच्या आवाजात, ऐटीत: "बाई, तुमच्या रस्त्याचा वार शुक्रवार. अंडी शनिवारी न्या!" टेबल हसून लोळायचं.

एकीच्या अंड्यांसाठी वार बदलला तर उद्या प्रत्येक जण आपापला वार सांगेल, हे त्याचं म्हणणं. तेही काही खोटं नव्हतं. दोन हजार पंधरा साली आयझॅक वारला. अबोल माणूस, मेला तोही कुणाला न सांगता, असं कट्टा म्हणाला. त्याच वसंतात बाईंचे फोन थांबले. एकटीला अंड्यांचा व्याप झेपत नसेल, असं ओरेस्ट समजला. पुढे बाई शेत सोडून दुकानामागच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला आल्या आणि कट्ट्यावर येऊन बसू लागल्या. ओरेस्टने गोष्ट सांगणं काही थांबवलं नाही. त्यांच्यासमोर सांगायला तर त्याला जास्तच चेव यायचा. बाई कॉफीत दूध घालायच्या आणि ढवळत राहायच्या.

या वसंतात गोष्ट संपवून तो म्हणाला, "अहो, माझ्या रस्त्यावरून सायकलवर डझनभर अंडी नेली तरी एक तडकणार नाही."

बाईंनी चमचा बशीत ठेवला. "मग ने की."

 सगळे एकदम बोलायला लागले आणि अटी ठरल्या. पुठ्ठ्याचा साधा खोका, खाली-वर कापूस नाही, चिंध्या नाहीत. बेचाळीस मैल सायकलवर, कुणाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. एक जरी अंडं तडकलं तर ओरेस्टने टेबलापाशी उभं राहून म्हणायचं, "बाई, तुमचं खरं होतं." बाराच्या बारा शाबूत आली तर बाईंनी उभं राहून म्हणायचं, "ओरेस्टचा रस्ता चांगला होता."

लोकांना ही गंमत वाटली. ओरेस्टला नाही. एकतीस वर्षांत त्याला हजारो फोन आले होते, आणि रस्ता चांगला आहे असं सांगायला एकाही माणसाने फोन केला नव्हता. चांगला रस्ता कुणाला दिसतच नाही. त्या घड्याळावरही नुसतं त्याचं नाव होतं. ते एक वाक्य कुणीतरी चारचौघांत म्हणावं, आणि ते हार्डरबाईंनी म्हणावं, याची त्याला भूक लागली होती. सांगायचा मात्र की साखरेसाठी चाललोय.

पाचव्या दिवशी सकाळी तो पावणेसहाला तंबू गुंडाळून निघाला आणि डांबरी हमरस्त्याचे वीस मैल संपवून सव्वाआठला पालिकेच्या हद्दीच्या पाटीपाशी आला. तिथे ड्वेन स्ट्रॉब ट्रकच्या बॉनेटवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. ड्वेन म्हणजे कट्ट्याचा पंच, स्वतःच नेमलेला.

"मला वाटलं मेलास," ड्वेन म्हणाला.

"तुला दाखवल्याशिवाय कसा मरेन? खोका आण."

ड्वेनने खोका उघडला. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने आकडा आणि खाली ड्वेनची सही होती.

"अरे, अंडी आहेत का चेक?"

"तुझा काय भरवसा! वाटेत नवीन घेशील. आणि ऐक, तुझ्या जागी ग्रेडरवर आलेल्या नव्या पोरीने तीन आठवडे रस्त्याला पातं लावलेलं नाही. पाऊस नाही, काय करणार ती? फळी झालीये सगळी. अजून सांगतो, सोडून दे."

"खालचा पाया माझा आहे," ओरेस्ट म्हणाला. "वर काय आहे त्याच्याशी मला देणंघेणं नाही."

"अंड्यांना आहे ना पण!"

खोका पुढच्या टोपलीत बसला. ड्वेनने तो दोरीने बांधला, गाठीवर लाल चिकटपट्टी लावली, त्यावरही सही ठोकली आणि धुरळा उडवत निघून गेला. धुरळा बसेपर्यंत ओरेस्टने नाकाला रुमाल लावला. मग निघाला.

पहिले चार मैल मजेत गेले. दोन्हीकडे पिवळीधमक मोहरी फुललेली, वर आभाळ, डबक्यात बदकं, आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीचा. चार दिवस त्याने ज्या वाऱ्यासाठी देवाची विनवणी केली तो वारा आज मिळाला, आणि आजच नको होता. वारा ढकलायला लागला की चाक जोरात जायचं आणि जोरात गेलं की टोपली नाचायची. पाठीला वारा असताना ब्रेक दाबत चाललेला माणूस सस्कॅचेवानात त्या दिवशी एकच असेल.

पाचव्या मैलावर फळी सुरू झाली.

ग्रेडरची सीट स्प्रिंगांची असते. तिच्यावर बसून त्याने या वळ्या एकतीस वर्षं पाहिल्या होत्या, वरून. त्याच्याकडे ट्रकही होता, पण मोठ्या चाकांचा, आणि स्वतःच्या रस्त्यावर तो नेहमी सावकाशच चालवायचा. सायकलवरून मात्र पहिल्याच वळ्यांनी त्याचे दात एकमेकांवर आपटले. मनगटं झिणझिणली. माकडहाडातून कळ निघाली ती थेट मानेत. "आयला!" तो मोठ्याने ओरडला. शेतातली एक खार दोन पायांवर उभी राहून बघायला लागली.

मग त्याने डोकं लढवलं. ट्रकची चाकं जिथून जातात तिथे पट्टा जरा गुळगुळीत असतो, पण वळणावर तो पट्टा बदलतो, चढावर तर नाहीसाच होतो. कुठे कडेची हातभर पट्टी, कुठे मध्याचा उंचवटा, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. रस्ता त्यानेच घडवला होता. कुठून चुकवायचा हेही त्यालाच ठाऊक. अगदीच जमेना तिथे पायडलवर उभा राहून, हात सैल सोडून, चालण्याच्या वेगाने. पण सायकलवरून उतरला नाही.

दुसरा त्रास माणुसकीचा. आमच्याकडे खडीच्या रस्त्यावर ट्रकशिवाय माणूस दिसला म्हणजे त्याची गाडी बंद पडली, याशिवाय दुसरा विचार कुणाच्या मनात येत नाही. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करायचा आणि मग करकचून ब्रेक मारून मागे यायचा. तीन तासांत चार जण थांबले. चौथा लेस्टर ओलाफसन, गुरं घेऊन चालला होता.

"ओरेस्ट! ट्रक कुठाय?"

"घरी."

"बिघडला?"

"नाही."

"मग पोलिसांनी परवाना काढून घेतला का तुझा? खरं सांग, मी कुणाला बोलणार नाही."

"लेस्टर, मी मजेसाठी चालवतोय!"

लेस्टरने त्याच्या घामाने चिकटलेल्या शर्टकडे, धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे पाहिलं. "बरं," तो हळूच म्हणाला. "पाणी तरी घे."

साडेअकराला तो हार्डरांच्या फाट्यावर पोचला. एकवीस मैल झाले, एकवीस राहिले. त्याचं पाणी संपलं होतं. शेतावर आता आयझॅकचा पुतण्या आणि त्याची बायको मार्लिस राहतात. मार्लिस अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने बाटल्या भरून दिल्या, बेरीच्या केकचा तुकडा दिला आणि टोपलीकडे पाहून हसली. पैजेचं सगळ्यांना माहीत होतं.

"फुटलं का एखादं?"

"खोका उघडायचा नाही. पण आवाजावरून नाही वाटत." ओरेस्ट ओसरीच्या पायरीवर बसला. बसताना कण्हला. "या अंगणातल्या अंड्यांनी माझं डोकं खाल्लंय, माहितीये ना? ते काय तुमच्या नेटाकाकूंचं कोंबडीघर!"

"ते? त्यात गवत कापायचं मशीन ठेवतो आम्ही. कोंबड्या कधीच्या संपल्या."

"हो, पंधरा साली. आयझॅक गेल्यावर."

"छे हो! बारा साली. आमचं लग्न नोव्हेंबरात झालं ना, त्याच्या आदल्या आठवड्यात मुंगसासारखं ते जनावर शिरलं आत आणि निम्म्या मारून गेलं. उरलेल्या काकूंनी आमच्या लग्नाच्या सूपला दिल्या. चाळीस माणसं जेवली. त्यानंतर इथे एक पीस दिसलं नाही."

ओरेस्टचा केक हातातच राहिला. "नक्की बारा साल?"

"माझ्या लग्नाचं साल मला नाही आठवणार?"

तो निघाला आणि फाट्यापासून मैलभर गेल्यावर मोठ्याने हसला. बारा सालचा नोव्हेंबर ते पंधरा सालचा वसंत. जवळजवळ अडीच वर्षं! दर बुधवारी सकाळी सातला, "अंडी फुटतात रे, ओरेस्ट." घरात कोंबडीचं पीस नाही आणि बाई अंड्यांच्या नावाने रडतायत! चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई, आणि धडधडीत खोटं! नुसती त्याला छळायला. आता अंडी शाबूत राहोत न राहोत, आज कट्ट्यावर तो काय बॉम्ब टाकणार होता! कोणत्या शब्दांत विचारायचं हे त्याने जुळवायला घेतलं. साधंच विचारायचं. कोंबड्या कधी संपल्या हो बाई? आणि मग आरामात खुर्चीला टेकायचं.

पण त्यासाठी आधी पोचायला हवं होतं. हार्डरांच्या फाट्यापासून पूर्वेकडचा रस्ता सगळ्यात वाईट. दर वर्षी पातं इथे ठणठणायचं, खाली दगड आहेत. त्या एकवीस मैलांत ओरेस्टची हाडं न् हाडं बोलायला लागली. खांदे, कोपरं, पाठीचा एकेक मणका. वळ्या आल्या की तो श्वास धरायचा आणि संपल्या की सोडायचा. पुढच्या वळ्या कुठे आहेत ते डोळ्यांना आधी दिसायचं आणि अंग आधीच आकसायचं. जोमाचा माणूस, अडुसष्टाव्या वर्षी दोनशे मैल सायकल मारून आलेला, आणि त्या वळ्यांवर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुळीचं असेल.

तीनला दहा कमी असताना लँबर्टचं धान्याचं उंच कोठार आलं, मग पाण्याची टाकी, मग दुकान. सायकल भिंतीला टेकवली तेव्हा त्याची बोटं हँडलवरून सुटेनात. एकेक करून सोडवावी लागली.

टेबल भरलं होतं. नेहमीच्या आठ जणांऐवजी वीसेक माणसं, हिशेबाच्या खिडकीतली पोरगीसुद्धा. नेटाबाई आपल्या जागेवर, समोर कॉफी. ऐंशीच्या घरातली लहानखुरी बाई, गळ्याशी बटण लावलेला निळा झगा.

ड्वेनने चिकटपट्टी तपासली, दोरी कापली आणि एकेक अंडं उचलून दिव्याकडे धरत मोजलं. "एक, शाबूत. दोन, शाबूत." सातव्याला त्याने उगीच भुवया उडवल्या आणि लोक ओरडले. "बारा," तो शेवटी म्हणाला. "बाराच्या बारा. च्यायला, ओरेस्ट!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली आणि तो कळवळला. नेटाबाईंनी मान हलवली, टेबलाला हात टेकला आणि उठायला लागल्या. बोलल्याप्रमाणे.

"थांबा बाई," ओरेस्ट म्हणाला. "आधी एक सांगा. कोंबड्या कधी संपल्या हो तुमच्या?"

बाई अर्ध्या उठलेल्या तशाच खाली बसल्या. "बारा साली. नोव्हेंबरात."

"आणि अंडी फुटतात म्हणून मला फोन कधीपर्यंत करत होतात?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "पंधरा सालापर्यंत! जवळजवळ अडीच वर्षं! कोंबडीशिवाय अंडी!"

ड्वेनला हसू फुटलं. त्याच्यामागोमाग अख्खं टेबल हसलं. बाईंनी ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

"आयझॅकला गुरुवारी इस्पितळात न्यावं लागायचं," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी. आजार हाडांत उतरला होता. ट्रकमध्ये खाली एक आणि पाठीला एक अशा दोन उशा द्यायचे मी. तरी वळ्या आल्या की ओठ चावायचा, रक्त यायचं. मी म्हणायचे, ओरेस्टला सांगते खरं काय ते. तर म्हणायचा, कट्ट्यावर माझं नाव निघता कामा नये, अंड्यांचं सांग." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "शुक्रवारी तू रस्ता करून जायचास. छान करायचास. पण पुढच्या गुरुवारपर्यंत गाड्या जायच्या ना रे त्याच्यावरून."

 ड्वेनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

ओरेस्ट समोरच्या खुर्चीत बसला. वळ्यांनी आखडलेली बोटं त्याने टेबलाखाली घेतली. "मला सांगायचंत बाई," तो म्हणाला.  "मी बुधवारी आलो असतो."

"दर बुधवारी सांगत होते की."

त्याच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. ती नाकातली नक्कल त्याने किती वेळा केली असेल, शंभर वेळा, दोनशे वेळा, आणि समोर ही बाई कॉफी ढवळत बसलेली. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला. "बाई, तुमचं खरं—"

"बस," नेटाबाई म्हणाल्या. "तू हरलेला नाहीस."

टेबलाला हात टेकून त्या उठल्या. सरळ उभ्या राहायला त्यांना थोडा वेळ लागला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ओरेस्टचा रस्ता चांगला होता."

मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी कॉफीत दूध घातलं.